थांबायचं किती

गुरुवारी गाडी धुवायची नव्हती.
म्हणाले, आज तुम्हीही वर या, वर्गात.
ड्रायव्हर, दोन आया, स्वयंपाकी बशीरिक्का
आणि मी, व्हॅनचा रॅम्प उघडणारा,
खुर्चीचे पट्टे आवळणारा,
सोहारात सात वर्षं.
एसी इतका गार की हातावर काटा,
आणि काचेला बाहेरून टेकून बसलेलं ऊन.

शिकवायला बदूरबाई.
अबाया चाकात जाऊ नये म्हणून
गुडघ्याशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, हिरवा.
तिचा शब्द घशातून निघतो
आणि आंबोलीच्या वळणांवरून एसटी यावी
तसा ओठांपर्यंत येतो.
आधी वाटतं, आला. मग पुन्हा एक वळण.

तिनं पडद्यावर आम्हालाच दाखवलं.
चार महिने व्हॅनमध्ये कॅमेरा होता,
सह्या केल्या होत्या आम्ही, आणि विसरलो होतो.
हा मी. सालिमला विचारतोय, पाणी?
आणि झाकण फिरवतोय.
हा पुन्हा मी. खिडकी लावू?
लावलीसुद्धा.
तिनं एकेक प्रश्न घड्याळ लावून मोजला होता,
दोन हजारांवर प्रश्न.
विचारल्यावर आपण थांबतो
सरासरी दीड सेकंद.
सालिमला बोलायला लागतात नऊ.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना.
बशीरिक्का म्हणाला, मॅडम, तेवढ्यात भात गार होतो.
ती हसली.
हसू मात्र तिचं लगेच आलं,
त्याला घाट लागत नाही.

मग जोड्या पाडल्या. विचारायचं आणि गप्प बसायचं.
मी बोटांच्या पेरांवर मोजलं, मराठीत.
चारपर्यंत सोपं.
सहाला घसा खाजतो.
सातला समोरच्याचं उत्तर
आपल्याच जिभेवर तयार होऊन बसतं,
चपला घालून, निघायच्या बेतात.
त्याला आत बसवणं,
एवढंच दिवसभर शिकलो.
रॅम्प उघडणं याहून हलकं.

परतताना, मासळी बाजाराच्या वळणावर,
पाणी?
बाटली मांडीवर, झाकण बंद.
सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला.
नवाला नाही, अकराला सालिम म्हणाला,
ला.
नको.
सात वर्षांत किती वेळा नको होतं
हे कुठल्याच तक्त्यात नाही.

शुक्रवारी कुडाळला फोन लावला.
आईनं नेहमीप्रमाणे कुंदाचंही सांगून टाकलं,
ता बरा आसा, ता जेवला,
तू धाडलेला सगळा आवाडता तेका.
चौतीस वर्षं कुंदा अशीच बोलत आली आहे,
आईच्या तोंडून, आधी आजीच्या,
मी घरी असलो की माझ्या.
म्हटलं, आई, फोन तिच्याकडे दे
आणि तू बोलू नको.
कुंदा, तुला काय पाठवू?

पंखा ऐकू आला.
शेजारच्यांच्या विहिरीवरचा पंप.
दहा पेरं संपली, दुसरा हात घेतला.
लांबून आई, रे, लाइन गेली काय?
नाही. थांब.
पंप बंद झाला.
तिचा श्वास कुठेतरी चढत होता,
मी मोजणं सोडलं.
निळो, ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
निळो ड्रेस माका नको होतो.

दोन दिवाळ्यांपूर्वीचा तो.
फोटोत तिला घालून उभं केलं होतं, हसरी.
मी तो फोटो इथे सगळ्यांना दाखवला होता.

रविवारी केंद्रात फॉर्म आला.
प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, सविस्तर लिहा.
खाली चार रेघा.
पेन उघडून बसलोय.
समोर बदूरबाई, हिरवा चिमटा,
भिंतीवर घड्याळ आहे
पण ती तिकडे बघत नाही.